नायट्रोजन येईपर्यंत

२६ एप्रिल, शनि.
डोकं अजून तापलेलंच आहे. गोरेगावातल्या दूध केंद्रावर दूध थंड करायचं चिलर बसवून झालं, नळ्या जोडून झाल्या. गॅस भरायच्या आधी नळ्यांत नायट्रोजन दाबून गळती पाहायची. नायट्रोजन नागपूरहून यायचा होता, आला नाही. अन् मामाजींनी काय करावं? वेल्डर गणेशकडचा ऑक्सिजनचा सिलेंडर उचलून आणला. "हवाच होय ना ते. दाब द्याले कोनताबी चालते."

कॉम्प्रेसरात तेल आहे. दाबाखाली तेल अन् ऑक्सिजन भेटले की फुटतं, माणसासकट. आयटीआयला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मामाजी आयटीआयला गेलेच नाहीत, मी गेलो. त्यांच्या हातातून पाना हिसकला. केंद्राच्या शेठसमोर.

"माया हाताखाली शिकला अन् मलेच शिकवतं का बे?"

मी म्हटलं, मरायचं असेल तर घरी जाऊन मरा.

असं म्हणायचं नव्हतं. सिलेंडर गणेशकडे परत गेला, मामाजी पायीच घरी गेले.

२७, रवि.
राग त्यांच्यावर आहे की माझ्यावर, समजत नाही. आठ वर्षं झाली सोबत. दुकानांचे फ्रीज, आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर, सगळे ऑक्सिजननंच तपासले. सिलेंडरची चावी मीच फिरवायचो. आयटीआयचा कागद भिंतीवर टांगलेला अन् तोंडातून शब्द नाही. काऊन? तर मामा आहेत, त्यांनी हाताला काम दिलं. एकदाही फुटलं नाही, म्हणून ते बरोबर अन् मी चूप. लाज वाटली पाहिजे मला.

मामीचा फोन. "तुये मामाजी कालपासून जेवले नाईत. काय बोललास त्यायले?" काय सांगू. नेटवर्क नाही म्हटलं अन् ठेवला.

२८, सोम.
नायट्रोजन दुपारी आला. दाब दिला, साबणाचा फेस लावला. तिसऱ्या जोडाला बुडबुडे. जोड मामाजींचा, त्यांचा हात मी ओळखतो. फोन करावासा वाटला. पण त्यांना वाटलं असतं, चिडवून राहिला. नाही केला. जोड तापवून परत भरला, परत दाब दिला. सकाळपर्यंत दाबाचा काटा हलायला नको.

शेठ: "बुधवार को अक्षय तृतीया है, साढ़े दस का मुहूर्त. मशीन चालू चाहिए." मी म्हटलं, मशीनला पंचांग वाचता येत नाही. शेठ हसला नाही.

२९, मंगळ.
काटा जागचा हलला नाही. नायट्रोजन सोडला. नळ्यांतली हवा अन् ओल ओढायला व्हॅक्यूम पंप लावला, तेलाचा हीटर चालू केला. तेल चोवीस तास गरम पाहिजे, नाहीतर पहिल्याच सुरुवातीला कॉम्प्रेसर जातो. अकराला लाईन गेली. दोनला आली. तोवर तेल थंड. परत पहिल्यापासून मोजायचं, म्हणजे उद्या दोनच्या आधी मशीन नाही.

शेठ म्हणे, "मामा होता तो कर देता." हो, करूनच दिलं असतं. त्याचीच तर आग आहे.

३०, बुध.
पूजेचे महाराज, हार, पेढे, दूध घालणारे सगळे हजर. नारळ फुटला. शेठचं बोट मी सांगितलेल्या बटनावर. ते फक्त पाण्याच्या पंपाचं. पंप घरघरला, टाळ्या पडल्या, शेठनं मला पेढा भरवला. पाणी आधी फिरवावंच लागतं, त्यामुळे खोटं काही नाही. हसू दाबून दाबून पोट दुखलं. मग एकदम राग आला, की हे सांगायचं कोणाला? मामाजी असते तर आठवडाभर हसले असते.

लोक गेले. व्हॅक्यूम टिकला. गॅसचा सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून मशीनच्या पाटीवर लिहिलंय तेवढाच भरला, थोडा आधी, बाकी चालू करून हळूहळू. तीनला कॉम्प्रेसर सुरू. संध्याकाळी दूध चार डिग्रीवर.

१ मे, गुरु.
चालू केल्याच्या कागदावर मामाजींची सही लागते, काम त्यांच्या नावावर. सकाळी त्यांच्या घरी गेलो. माफीही मागणार होतो. मामी म्हणाली, "ते तं सकाऊनच देवरीले गेले. हॉटेलचं चिलर हाय म्हने. एकटेच गेले."

परत येताना गणेशचं दुकान. कोपरा रिकामा. सिलेंडर कुठं आहे? "मामा ले गये ना."

सात फोन केले. घंटी जाते, उचलत नाहीत. शेवटी लिहिलं: मामाजी, चुकलो मी. चारचौघांत शिव्या द्या, पण तो सिलेंडर जोडू नका. नायट्रोजन घेऊन येऊन राहिलो.

केंद्रावरचा उरलेला नायट्रोजन पिकअपमध्ये बांधला आहे. ड्रायव्हर डिझेल भरून राहिला, तेवढ्यात हे लिहितो. सापडले की आधी पायावर डोकं ठेवीन, मग भांडीन. माझं ऐकायचं नव्हतं तर मला शिकू तरी कायले दिलं?

मेसेज वाचला त्यांनी. उत्तर आलं.

"नळ्या जोडून झाल्या."

बस, एवढंच. दाब दिला की नायट्रोजनसाठी थांबले, ते नाही लिहिलं. ड्रायव्हरला म्हटलं, पुरे कर डिझेल, चाल.