चौदा नंबरची काळजी

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळ.
नोंदी ठेवायचं ठरवलं आहे. थोडक्यात. नोंदीशिवाय काम म्हणजे अपघाताला आमंत्रण, असं मी बाटल्यांच्या कारखान्यात रोज सांगतो. सेफ्टी ऑफिसर आहे. मग घरच्या कामात ढिलाई कशाला.

धाकटा भाऊ ऑगस्टमध्ये गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. हार्ट. टाळता येण्यासारखं काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. मी भावनिक माणूस नाही.

त्याची टीम आता माझ्याकडे आहे. खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. अमेरिकन फुटबॉलची लीग, बारा मालक, बारा टीम. कोण खेळणार आणि कसं, ते मालकाने भरून ठेवायचं. रविवारी अकराला कॉम्प्युटर आपला आपण सामने खेळतो आणि ओळीओळीने रिपोर्ट देतो. लांबट चेंडू, अंगाने आडदांड माणसं, एकमेकांना आडवं पाडणं. हेल्मेट घालतात, हे बरं आहे.

निम्मा सीझन झाला, आज सामना नाही. आमचा 'वरचा मजला' पहिला, सहा विजय, एक पराभव. दुसरी 'अक्कलदाढ', मालक दातांचे डॉक्टर. चौथा 'ओला टॉवेल'. खालच्यांत दम नाही.

लीग चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे कमिशनर म्हणतात. ते फोनवर म्हणाले, सीझनपुरती तुम्ही सांभाळा. पहिल्या चारांत आलात तर टीम कायमची तुमची. नाहीतर नियमाप्रमाणे वेटिंग लिस्टवर जो पहिला असेल त्याची. आठ विजय म्हणजे पहिले चार नक्की, असंही म्हणाले. म्हणजे उरलेल्या सातांत दोन. डोळे मिटून होईल.

त्याच दिवशी, दुपारी.
मिडसीझनची चमकदार खेळाडूंची यादी आली. पहिलं नाव आमच्या चौदा नंबरचं. चौदा नंबर म्हणजे धाकटा. एक खेळाडू मालकाला स्वतः घडवता येतो, त्याने स्वतःलाच घातलं. नाव, वजन, वय त्याचंच. उंची दोन इंच वाढवली आहे. चेंडू पोटाशी धरायचा आणि गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम. आठशे यार्ड पळाला, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. किती वेळा पडला ते यादीत देत नाहीत. द्यायला हवं.

दुसरं नाव अक्कलदाढच्या एक्क्याण्णव नंबरचं. त्याचं काम पाडणं. त्याने पाडलेले चौघे अजून मैदानावर परतलेले नाहीत. आमचा शेवटचा सामना त्यांच्याशीच आहे.

भावजय खोलीच्या दारात उभी होती. म्हणाली, दादा, कशाला हात लावू नका हं, सगळं लावून ठेवलेलं आहे. मी म्हणालो, मी कशाला हात लावतोय. म्हणाली, कपाटाला मात्र लावा. तिची आई कायमची राहायला येणार आहे, धाकट्याची खोली रिकामी हवी. कपाट पुढच्या रविवारी नक्की.

रविवार, १२ ऑक्टोबर.
जिंकलो. २४-२०. कशालाही हात लावला नाही. आता एकच विजय हवा.

रिपोर्ट पूर्ण वाचला. 'चौदा नंबर. चार यार्ड. पडला. उठला.' 'चौदा नंबर. दोन यार्ड. पडला. उठला.' कॉम्प्युटर तेच तेच लिहितो. शेवटाजवळ मात्र, 'पडला. उठायला वेळ लागला.' या सीझनचे आधीचे सगळे रिपोर्ट काढून बघितले. ही ओळ कुठेच नाही.

भावजयला दाखवलं. म्हणाली, येते कधी कधी. तिला खेळातलं कळत नाही, पण घरात राहून कानावर पडत असणार.

कपाट उघडलं. बंद केलं. खोलीत गारवा होता म्हणून त्याचा स्वेटर तेवढा घातला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.
बाटल्यांच्या पट्ट्याचा वेग कमी करायला लावला. सुपरवायझर म्हणाला, सावकाश साहेब, या वेगाने बाटली पोचेपर्यंत गिऱ्हाईक तहानेने मरेल. कारखान्यात मला सावकाश साहेब म्हणतात. प्रेमाने.

स्वेटर परत करायला हवा.

रविवार, १९ ऑक्टोबर.
हात लावला असं म्हणता येणार नाही. चौदा नंबरचं काम निम्मं केलं, इतकंच. बाकीचं तीन नंबरला दिलं. हरलो, थोडक्यात. तीन नंबर अजून नवा आहे.

भावजय चहाचा कप ठेवताना स्क्रीनकडे बघून म्हणाली, तीन नंबरला पळवायचंच असेल तर डावीकडून पळवा, उजवीकडे आपली भिंत कच्ची आहे. भिंत म्हणजे पळणाऱ्यापुढची आडदांडांची रांग. मी हसलो. माणसाला दुःखात काहीही सुचतं.

चौदा नंबर नऊ वेळा पडला. नऊ वेळा उठला.

रविवार, २६ ऑक्टोबर.
उपाय सापडला. खेळाडूला सूचना देण्याच्या पानावर 'समोर माणूस दिसताच मैदानाबाहेर' असा पर्याय आहे. इतक्या वर्षांत धाकट्याच्या तो लक्षात आला नसावा. चौदा नंबरला लावला. दहा वेळा चेंडू घेतला, दहा वेळा बाहेर गेला. एकदाही पडला नाही. उत्तम.

सामना हरलो.

कपाट राहिलं. रिपोर्ट मोठा होता.

रविवार, २ नोव्हेंबर.
एकट्यालाच सुरक्षित ठेवणं अन्यायाचं वाटलं म्हणून तोच पर्याय सगळ्या टीमला लावला. ३-४१. रिपोर्टच्या शेवटी, 'जखमी: कोणी नाही.' कमिशनरांचा फोन आला. म्हणाले, लीग सुरू झाल्यापासून असा रिपोर्ट पाहिला नव्हता. कौतुकाने म्हणाले असावेत.

टीम तिसरी. काळजीचं कारण नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
बायको म्हणाली, अहो, जेवताना कोणाशी बोलत होतात. मी म्हणालो, मनातल्या मनात कारखान्याचं चाललं होतं. म्हणाली, कारखान्यात कोणाला 'ऊठ, ऊठ' म्हणता.

मला आठवत नाही. शिवाय ती तेव्हा वाढत होती, तिचं लक्ष नव्हतं.

रविवार, ९ नोव्हेंबर.
या खेळात चेंडूला लाथ मारण्यासाठी वेगळा माणूस असतो. त्याला सहसा कोणी हात लावत नाही, लाथ मारतो आणि बाकावर जाऊन बसतो. चौदा नंबरला ती जागा दिली. धाकटा लहानपणी लाथा चांगल्या मारायचा. माझ्या पायावर खूण आहे.

तीन लाथा मारल्या, तिन्ही चुकल्या. १९-२१.

भावजय रिपोर्ट वाचून आत गेली. नळ बराच वेळ सोडलेला होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
दातांच्या डॉक्टरांचा फोन. आवाज मऊ. म्हणाले, तुमचा भाऊ माझा चांगला मित्र होता हो, दर सामन्यानंतर फोन करून मला चिडवायचा. तुमची ओढाताण बघतोय. शेवटच्या सामन्यात मी एक्क्याण्णवला बसवतो. चौदाला बिनधास्त पळवा. त्याला काही होणार नाही.

आभार मानले. विश्वास ठेवण्याइतका मी भोळा नाही. 'काही होणार नाही, थोडं दाबल्यासारखं वाटेल', हे ज्या माणसाचं रोजचं बोलणं, त्याने असं म्हटलं की समजावं, आता उपटतो.

रविवार, १६ नोव्हेंबर.
चौदा नंबरला विश्रांती दिली. तो पूर्ण सामना बाकावर. हरलो. सात विजय, सहा पराभव. चौथ्या जागेवर आम्ही आणि ओला टॉवेल बरोबरीत, पण पुढचा सामना हरलो तर गुणांच्या हिशेबात ते वर जातात. म्हणजे अक्कलदाढला हरवायलाच हवं.

चौदा नंबरशिवाय हरवता येणार नाही. हे मलाही कळतं.

वेटिंग लिस्टवरचा माणूस कोण असेल. असल्या लोकांना जुने खेळाडू नको असतात म्हणे, टीम हातात आली की पहिल्याच दिवशी काढून टाकतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
निर्णय पक्का. चौदा नंबर खेळणार. सुरुवातीपासून, त्याच्या नेहमीच्या जागी. ज्या कामात धोका आहे ते कामच बंद करणं ही सेफ्टी नव्हे, असं मी स्वतः ट्रेनिंगमध्ये शिकवतो. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता जेवा. मन शांत आहे. उद्या कपाटही.

रविवार, २३ नोव्हेंबर.
साडेदहाला त्याच्या खुर्चीत बसलो. चौदा नंबरपुढे खूण केली. मग आधीच्या सीझनचे एक्क्याण्णवचे रिपोर्ट वाचले. ते वाचायला नको होते. खूण काढली. पुन्हा केली. अकराला दोन मिनिटं असताना काढली. हे घाबरून केलं असं नाही. अपुऱ्या माहितीवर धोका पत्करू नये, असा नियमच आहे.

१४-१७. हरलो.

रिपोर्टमध्ये चौदा नंबर शोधला. त्याच्याबद्दल एकही ओळ नाही. पडला नाही, उठला नाही. मग एक्क्याण्णव शोधला. तोही नाही. डॉक्टरांनी त्याला खरंच बसवलं होतं. दोघेही शेवटपर्यंत आपापल्या बाकावर.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
कमिशनरांचा फोन. टीम वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या नावाकडे जाणार. कोण, असं विचारलं. म्हणाले, तुमच्या भावजय. ऑगस्टपासून नाव आहे. तुम्हाला माहीत नव्हतं? गेली चार वर्षं टीम दोघं मिळूनच लावायची. पळणारे तो बघायचा, भिंत या.

भावजयला जाऊन विचारलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, तुम्ही म्हणालात मी बघतो. मला वाटलं, तुमच्या हाताला काहीतरी हवंय. मी म्हणालो, मला काही नको होतं. ती म्हणाली, बरं. आणि पुसलेलं भांडंच परत पुसायला घेतलं.

रविवार, ३० नोव्हेंबर.
कपाट रिकामं करायला गेलो. तिने कालच केलं होतं. खोलीत तिच्या आईसाठी पलंग लावला आहे, कॉम्प्युटर खिडकीशी एका लहान टेबलावर. स्वेटर अंगातून काढून द्यायला लागलो, तर म्हणाली, असू द्या दादा, तुम्हालाच. बाह्या आखूड होतात, तसं सांगितलं. म्हणाली, होणारच. चार यार्ड पळून आला की पाच सांगणारा माणूस, उंचीचं काय घेऊन बसलात.

सीझन संपला तरी सराव सामने खेळता येतात. तिने अक्कलदाढशीच लावला. चौदा नंबर पहिल्यापासून, डावीकडून. मी विचारलं, आणि एक्क्याण्णव? म्हणाली, डॉक्टरांना सांगितलंय खेळवा म्हणून. यांना त्याच्याच अंगावर जायला आवडायचं.

मी सल्ला देणार होतो. विचारला नाही तिने. नवीन आहे, पुढे विचारेल.

रिपोर्ट तिने मोठ्याने वाचायला घेतला. तीन यार्ड, पडला, उठला. सहा यार्ड, पडला, उठला. ती वाचताना हसत होती, एकदा तर टेबलावर थाप मारली. मग, 'चौदा नंबर. समोर एक्क्याण्णव. पडला.' तिथे पान संपलं. पुढची ओळ बघायला खाली सरकवावं लागतं. तेवढ्यात बेल वाजली. तिची आई आली. जाता जाता म्हणाली, आलेच, हात लावू नका.

हे तिथेच बसून लिहितो आहे. जिन्यात बॅगांचा आवाज येतोय. दोन बॅगा आहेत, आणि म्हातारी प्रत्येक पायरीवर थांबून काहीतरी सांगते आहे. वेळ लागेल. मी काही भावनिक माणूस नाही, एक बटण दाबलं की पुढची ओळ दिसेल, एवढंच.

पण हात लावायचा नाही, असं पाच ऑक्टोबरला ठरलं होतं. आज पाळतो आहे.