बाहेरून न मारायची शपथ

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

हरलो! शिरवण्याच्या पोरांकडून, तेही आपल्याच जुईनगरच्या ग्राउंडवर. म्हणे बास्केटबॉलची प्रॅक्टिस मॅच! त्यांचा गार्ड माझ्यापासून चार हात लांब उभा राहून ओरडत होता — "सोरा त्याला! तो मारनार नाय!" आणि खरंच सोडलं मला. दोघं-दोघं कुलदीपला चिकटले. आमचा सहा फूट दोनचा कॅप्टन रिंगखाली बॉल मागतोय आणि मला त्याचा चेहराही दिसत नाही. पास देऊ कुठून?

मॅच संपल्यावर आमच्याच टीममधला शिवतेज म्हणाला, "सौऱ्या, तुझ्यावरचा माणूस तुला सोडून कुलदीपच्या डोक्यावर जाऊन बसतो. एक तरी मार ना यार!"

मारीन रे. एकटा असलो की दहातले आठ जातात.

२० नोव्हेंबर

इथे तरी लिहून टाकतो. गेल्या वर्षी सेमीफायनलला शेवटच्या सेकंदाला मी बाहेरून, लांबूनच बॉल रिंगवर मारला. कुलदीप रिंगखाली मोकळा होता. बॉल गेला नाही! मॅचनंतर कुलदीपने सगळ्यांच्या मागे नेऊन माझी कॉलर धरली — "घे आईची शपथ, मॅचमध्ये परत बाहेरून मारणार नाहीस." घेतली. रडत रडत घेतली.

शपथबिपथ सब झूट, असं म्हणून जूनमध्ये एका मॅचला मारला. दुसऱ्या दिवशी स्टोव्ह भडकला नि आईचा हात भाजला. तेव्हापासून हिंमतच नाही. ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हणायला लागतं. तो तर विसरून बसलाय. मी काय पहिलीतल्या पोरासारखा मागायला जाऊ?

२३ नोव्हेंबर

एक तारखेला फायनल. जिल्ह्याचे निवडवाले बघायला येणार, आमच्यातला घेतला तर एकच घेणार. आमच्या कोचनी, रावसाहेब सरांनी हे सांगितलं तसं सगळ्यांनी कुलदीपकडे बघितलं. ज्युनिअरचं त्याचं हे शेवटचं वर्ष.

सर मला म्हणाले, "दोघं अंगावर घेऊन तो काय डोंबलाचा खेळ दाखवणार? बाहेरून मारायचं नसेल तर बेंचवर बस."

कुलदीप लेस बांधत राहिला.

२६ नोव्हेंबर

आबा वाशीच्या मार्केटात माथाडी. जेवताना त्यांना खेळाचं सांगितलं, शपथेचं नाही. म्हणाले, "आरं, टोळीत एकानं अंग चोरलं की त्याच्या वाटची गोण दुसऱ्याच्या पाठीवर बसती. मोडतो त्यो दुसरा. अंग चोरणाऱ्याला काय हुतंय?"

मी ताट अर्धंच ठेवून उठलो. आई म्हणे, ताप आलाय का बघू. कपाळावर तोच भाजलेला हात.

२९ नोव्हेंबर

शेवटी गेलो. "कुलदीप, ती शपथ —"

"कसली शपथ?" म्हणाला आणि सायकल मारत निघून गेला. खड्ड्यात गेला!

१ डिसेंबर, रविवार

जिंकलो!!!

हाफटाइमला नऊने मागे. कुलदीपला दोघांनी पार दाबून टाकलेला. सर मला म्हणाले, "सौरभ, बस तू." तर कुलदीपच म्हणाला, "राहू दे त्याला, सर." मला बाजूला ओढलं. घामाने निथळत होता.

"सुटली."

"काय?"

"सुटली म्हणतोय ना! मार आता!"

पहिला आत! दुसरा, तिसरा... चौथ्याला त्यांचा गार्ड धावत अंगावर आला, मग कुलदीपवरचा एक जणही आला. कुलदीप मोकळा! शेवटच्या दोन बास्केट त्याच्याच, माझ्या पासवर. वर्षभरात असं खेळलोच नव्हतो आम्ही. त्याचं सिलेक्शन पक्कं!

पळत घरी आलो. आई ठणठणीत. मटणाला वाटण करत होती.

४ डिसेंबर

यादी लागली. आमच्यातलं एकच नाव. माझं.

संध्याकाळी कुलदीप पेढे घेऊन घरी आला. आईच्या पाया पडला. मी खाली सोडायला गेलो, तर जिन्यात थांबून म्हणाला, "विसरलो नव्हतो रे मी. एक दिवस पण नाही. तू मारायला लागलास की मला कोण बघणार, हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं."