हावोडचा मंगळवार

हावोड, कूमहेस्ग
२५ जून १९५१

ती. लिनेदताईस,
इथेलचा सा. न. वि. वि.

लंडनहून पाठवलेले पायमोजे मिळाले. पाय आता निदान अर्धा दिवस तरी कोरडे राहतील. बाबांच्या कुत्रीनं मला अखेर मालक मानलं. म्हणजे मी हाक मारली की ती मागं वळून बघते, मग तिला वाटेल ते करते.

काळजी एकच आहे. चारशे मेंढ्यांची लोकर अजून अंगावर आहे. खाटेजवळच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांनी वारण्यापूर्वी १० जुलैभोवती गोल करून ठेवलाय, बाकी काही लिहिलेलं नाही. मी एकटा दिवसाला दहा मेंढ्या कातरीन, त्यातल्या दोन रक्तबंबाळ. उशीर झाला की लोकरीत अळ्या पडतात आणि मेंढी जिवंतपणी पोखरली जाते. कळप गेला तर हावोड विकायचं आणि तुझ्या दुकानात येऊन पुन्हा दुधाच्या बाटल्या धुवायच्या, हे मी मनाशी धरलंय.

म्हणून शहाणपणा केला. गावातल्या अकराही शेतांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या पाठवल्या, की १० जुलैला मंगळवारी कातरणीला कृपया यावे, दिवसाची मजुरी देईन. तेव्हापासून गाव गप्प आहे. रविवारी चॅपेलबाहेर शेजारच्या मायसग्लास शेतावरच्या हेस्टरआजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शर्टाची बटणं तपासली. टिनरीडचा गेथिन हवा छान आहे म्हणाला आणि चालू लागला. हवा मुळीच छान नव्हती. माझं काय चुकलं ते कळव.

लोभ आहे तेवढा पुरे, पण थोडा जास्त पाठवलास तर या डोंगरात खपून जाईल.

तुझा,
इथेल

लंडन
२९ जून १९५१

चि. इथेलला,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र वाचून भर दुकानात गिऱ्हाइकासमोर मी कपाळाला हात लावला. अरे दीडशहाण्या, कातरणीला कुणी बोलावतं का? दर रविवारी चॅपेलला ये म्हणून तुला चिठ्ठी येते का? पणजोबांच्या वेळेपासून प्रत्येक शेताचा दिवस ठरलेला आहे. मला अजून पाठ आहेत. जुलैतला पहिला गुरुवार मायसग्लासचा, दुसरा मंगळवार आपला, त्याच्या मागोमाग गुरुवारी टिनरीड. लोक आपले आपण येतात. तू बोलावलंस, म्हणजे तुम्ही विसरला असाल असं त्यांच्या तोंडावर म्हणालास. आणि वर मजुरी! बाबा दोन वर्षं अंथरुणाला होते तेव्हा आपल्या मेंढ्या कुणी कातरल्या असं तुला वाटतं? त्या माणसांना तू मजूर करून टाकलंस.

तुला रागावते आहे, पण आई गेल्यावर आठव्या वर्षी तुला इकडे आणलं ते मीच. तुला हे ठाऊक नाही यात दोष माझा आहे, आणि ते मला फार लागलं.

आता हात जोडते, माफीची चिठ्ठी तेवढी पाठवू नकोस. गुरुवारी कातर घे, बाबांचं कातरणीचं बाक खांद्यावर टाक आणि मायसग्लासला जा. कुणी ये म्हणणार नाही, बस म्हणणार नाही. तू जाऊन बस. एवढ्यावर ते मंगळवारी येतील का, हे मी सांगू शकत नाही. ती माणसं पटकन रागावत नाहीत, पण रागावली तर पटकन विसरतही नाहीत.

रोज गरम जेव. आमची माया तुझ्या पाठीशी आहे, हे धरून चाल.

तुझी,
ताई

हावोड, कूमहेस्ग
११ जुलै १९५१

ती. लिनेदताईस,
इथेलचा सा. न. वि. वि.

गुरुवारी मायसग्लासला गेलो. अंगणात दोन रांगांत वीस-बावीस बाकं मांडलेली. मी ओशाळून अगदी टोकाला, गोठ्याच्या दाराशी बसलो. अर्धा तास झाला तरी माझ्यापुढे कुणी मेंढी आणीना. मग हेस्टरआजी आल्या आणि म्हणाल्या, की इथं का रे बसलास, ही पाहुण्यांची जागा, हावोडची जागा तिकडे विहिरीपाशी. वळून बघतो तर रांगेत विहिरीपाशी एका बाकाएवढी मोकळी जागा. बाबा दोन वर्षं तिथं आले नव्हते, ताई. फेब्रुवारीत तर गेलेच. तरी कुणी तिकडे सरकलं नव्हतं.

मी तिथं जाऊन बसलो आणि लगेच मेंढी आली. गेथिननं माझी पहिली मेंढी निरखली आणि सगळ्यांना ऐकवलं, की हिला थंडीची चिंता नाही बरं का, दयाळू माणसानं अर्धी लोकर तिच्याच अंगावर ठेवलीय. अंगणभर हशा झाला. पण मंगळवारबद्दल चकार शब्द नाही.

काल पहाटे पाचला उठलो. एकट्यानं डोंगरावर जायचं आणि जमतील तेवढ्या मेंढ्या हाकून आणायच्या, असा बेत होता. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबलो. अख्खा डोंगर खाली येत होता. चारशे मेंढ्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना कुत्री, शिट्ट्या, आणि वरच्या धुक्यातून एकामागून एक उतरणारी माणसं. तीन वाजताच ती माझ्या दारावरून वर गेली होती आणि मला उठवलंही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. चॅपेलमध्ये इतकी वर्षं उभा राहिलो, पण असं कधी झालं नव्हतं.

एकेचाळीस माणसं होती. बायका स्वतःच्या कपबश्या, थंड मटण, मनुकांचा पाव आणि तांदळाची खीर घेऊन आल्या. हेस्टरआजींनी माझं स्वयंपाकघर पाहिलं आणि मलाच बाहेर काढलं. चारच्या सुमारास शेवटची मेंढी उघडी होऊन डोंगराकडे पळाली. कळप वाचला. तुझ्या बाटल्या आता दुसऱ्या कुणाला तरी धुवाव्या लागतील.

सगळ्यांत शेवटी गेथिन निघाला. फाटकाशी रेंगाळला, हवेबद्दल बोलला, बाबांच्या कुत्रीबद्दल बोलला. उद्या त्याच्याकडे कातरणी आहे. निघताना तरी म्हणेल, ये म्हणून, असं वाटून मी वाट बघत उभा. त्यानं टोपी सारखी केली आणि सरळ उतरून गेला. मला बोलावलं नाही, ताई! मी फाटकाला धरून लहान पोरासारखा रडलो.

उद्यासाठी कातरीला धार लावायची आहे, म्हणून आवरतो. लोभाची मागणी या पत्रात करत नाही, तो आहेच.

तुझा,
इथेल