गाळलेलं नाव

२६ डिसेंबर १९८३, सोमवार
प्रेसने डायरी भेट दिली. नवीन वर्षाची वाट न बघता आजपासून सुरुवात. संकल्प: पहाटे पाचला रंकाळ्यावर फेरी. तपकीर बंद. मनात येईल ते तोंडावर बोलणे.
उठलो सव्वासातला. थंडी फार.

२८ डिसेंबर, बुधवार, दुपारी ४
सिकंदर रिपोर्टरचा लेख माझ्याकडे प्रूफ तपासायला आला. रविवार पुरवणीसाठी. यल्लम्माची यात्रा आहे म्हणून तिला वाहिलेल्या जोगत्यांवर. मजकूर असा: शिरोली एमआयडीसीच्या फाटकाजवळ एक जोगता आठ वर्षं भाकरी-आमटीची खानावळ चालवतो, फौंड्रीतले तीसेक कामगार तिथं जेवतात, नेसतो लुगडं. नाव बाळाबाई खोराटे, मूळ गाव गडहिंग्लज. सोबत फोटो. हनुवटी थेट आक्काची, आमच्या आईची.
हा आमचा बाळू. माझा धाकटा भाऊ.
तपकीर दोनदा ओढली, ती औषध म्हणून.

२९ डिसेंबर, गुरुवार
मी मुळात पुरोगामी. बाळू सतरा वर्षांचा असताना आक्काचं लुगडं नेसून परसात बसलेला वडिलांना दिसला, तेव्हा त्यांनी काठी काढली. मी पहाटे त्याला एसटीत बसवून दिलं. मिरजेचं तिकीट काढून. किती थोरले भाऊ एवढं करतात? पुढे पत्र घातलं नाही, कारण पत्ता नव्हता. आक्काला सांगितलं, शोध चालू आहे. वडील गेले तेव्हाही तेच सांगितलं. बावीस वर्षं एकच गोष्ट सांगणं सोपं नसतं.
लेखात सगळीकडे ‘तो’ होतं. एकोणीस ठिकाणी ‘ती’ केलं. असं करणारा कोल्हापुरात मी पहिलाच असेन.
नाव आणि गाव मात्र गाळलं. दोन ओळी जास्त होत होत्या. शिवाय तिचीच बदनामी टळली. कुणीतरी विचार करायला हवा.

३१ डिसेंबर, शनिवार
ठरलं. उद्या ताजा अंक घेऊन शिरोलीला जायचं. म्हणायचं, “बाळाबाई, मी तुझा दादा.” आरशासमोर चार वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा चांगलं जमलं.
संपादक हंबीरराव दुसरं प्रूफ बघून ओरडले, हे ‘ती-ती’ काय लावलंय? पुन्हा ‘तो’ करायला लावलं. पण कंपोझिटरला घरी जायची घाई होती.

१ जानेवारी १९८४, रविवार
मथळा हंबीररावांचा: ‘साडीतल्या पुरुषांचे गूढ विश्व’. आत ‘ती म्हणाला’, ‘तो रडली’. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा अंक निघाला नव्हता.
दुपारी आमच्या खानावळीत एकाने लेख मोठ्याने वाचला. सगळं टेबल हसलं. स्पष्ट बोलणार होतो. तोंडात भात होता.
शिरोलीला गेलो नाही. नवीन वर्ष, बसला गर्दी.

३ जानेवारी, मंगळवार
दुपारी दोनला ऑफिसात बाळाबाई आली. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, हातात आमचा पेपर. कंपोझिटर दारात गोळा झाले. ती सरळ माझ्या टेबलापाशी.
“पावणं, प्रुफं तुमीच बघता न्हवं?”
हो म्हणालो.
“मग माजं नाव कुटं गेलं?”
जागा कमी पडली, म्हणालो.
“सिकंदरभाईंस्नी तीनदा सांगितलं हुतं. काय बी लिवा, हसा, पर नाव आन् गाव घाला. कुनीतरी आक्काला वाचून दावलं असतं. पोर जित्तं हाय, कष्टाचं खातंय, येवढं तरी कळलं असतं की तिला.”
आक्का कोण, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
हंबीररावांनी केबिनमधून हाक मारली, कोण आहे? म्हणालो, वाचक आहेत.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेपरची घडी घातली. “बसा पावणं. कामं असतील तुमास्नी.”
मला ओळखलं नाही, हे बरंच झालं. मी वाळलोय, चष्माही लागलाय.

५ जानेवारी, गुरुवार
खुलासा छापायचा. चार मसुदे केले, चौथा उत्तम उतरला: ‘गेल्या रविवारच्या लेखातील महिलेचे नाव बाळाबाई खोराटे, रा. गडहिंग्लज, असे वाचावे.’
हंबीररावांनी वाचला. म्हणाले, खोराटे? तुमच्यातली काय?
म्हणालो, तिकडं खोराटे पुष्कळ.
मग म्हणाले, आठवड्यानं खुलासा कोण वाचतो? मलाही ते पटलं. मसुदा परत घेतला.

८ जानेवारी, रविवार
आज स्वतः गडहिंग्लजला गेलो. बेत असा की आक्काला लेख मीच वाचून दाखवायचा, नावागावासकट. वाटेत सराव केला. शेजारचा प्रवासी दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.
घराला कुलूप. शेजारच्या बायडाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, “आक्का बुधवारीच गेली शिरोलीला. माज्या पोरीनं पेपर उघडला, तर फोटूवर बोट ठिवून म्हनली, ह्ये माजं पोर. ठिकाण तेवढं इचारलं, बाकी वाचू बी दिलं न्हाय. पिशवी भरली आन् निघाली. आता तितंच हाय, चुलीम्होरं बसून भाकरी थापतीया म्हनं.” मग विचारलं, “तुमास्नी कळवलं न्हाय व्हय?”
म्हणालो, हल्ली टपाल उशिरा येतं.
“जावा की मग. ठिकाण तर तुमच्याच पेपरात हाय.”
चहा नको म्हणालो. अडीचच्या बसने कोल्हापूर. स्टँडवर शिरोलीची बस लागलेली. कंडक्टर दोनदा ओरडला, मोकळी हाय, चला. तिथं आता त्या दोघी आहेत, बोलत असतील. मध्येच मी जाऊन काय सांगणार? आणखी दोन बस सोडल्या. तिसरीही मोकळीच होती.
चालत पेठेत आलो. आमच्या खानावळीला कुलूप. रविवारी संध्याकाळी जेवण नसतं, हे विसरलोच होतो.