व्हँकूवर नागपूरएवढंच लांब

सिंदी मेघे, रविवार

तीर्थस्वरूप कैलासमामा यांच्या चरणी आकांक्षाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणते तसा शेक घेता ना? (घेत नसाल तर खरं कळवा, काळजी करायला काहीतरी नक्की असलेलं मला बरं वाटतं.) कारंज्याचा ढाबा जोरात असेलच. आम्ही मजेत आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

मामा, मी घरी नसताना माझं कॅनडाला शिकायला जायचं तिकीट तुम्ही बाबांना वाचून दाखवलंत. ही तक्रार नाही, पण आहे. बाबांना घड्याळ कळतं, अक्षर नाही. आणि आपल्या घरचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: सकाळी निघून रात्रीच्या जेवणाआधी पोचता येईल, एवढ्याच लांब पोरीनं एकटं जावं. तुम्ही नेमक्या दोनच वेळा वाचल्या. दिल्लीहून निघणार पहाटे सव्वापाचला, व्हँकूवरला पोचणार सकाळी सव्वासातला, तारीख तीच. "दोन घंटे! एवढे तर एसटीले नागपूरले लागते," म्हणत बाबांनी होकार दिला आणि पेढे वाटले. शेजारच्या रुख्माबाईंनी लोणच्याची बरणी आणली, वर बजावलं, "शनवारी येशीन तवा बरणी वापस आणजो."

असल्या होकारावर मी विमानात बसू शकत नाही. (चुकून जास्त मिळालेला एक गुण मी सरांना परत करायला गेले होते, आठवतं ना?) म्हणून संत्रं घेऊन बाबांसमोर बसले. ही पृथ्वी, तो बल्ब म्हणजे सूर्य, इथे दिल्ली, पार मागच्या बाजूला व्हँकूवर, म्हणून तिथलं घड्याळ साडेबारा तास मागे. हवाई अंतर अकरा हजार किलोमीटर. इथेच घात झाला.

"हवाई नोको सांगू, खरं सांग," बाबा म्हणाले. (त्यांच्या लेखी हवाई म्हणजे थापा.) मी मोबाइलवर रस्त्याचं अंतर काढायला गेले, तर नकाशा म्हणाला, मार्ग सापडत नाही. "रस्ताच नाई, तर तू जाऊन कुठून राह्यली?" बाबांनी संत्रं सोललं, व्हँकूवरची फोड माझ्या हातावर ठेवली आणि होकार मागे घेतला.

मी जाणारच, मामा, पण खरं सांगून. काल पुन्हा बसले. प्रवास साडेचौदा तासांचा, असं सरळ सांगितलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू तिथं उतरशीन तवा आपल्या इकडं किती वाजतीन?"

"रात्रीचे पावणेआठ."

"म्हंजे जेवणाच्या आंधी. मंग एवढं चांगलं संत्रं काऊन खराब केलं?"

तर असा होकार पुन्हा मिळाला. मामीला नमस्कार, बाकी क्षेम.

तुमची भाची,
आकांक्षा

ता. क. दिल्लीपर्यंतचा प्रवास मी नियमात धरलेला नाही, कारण तिथवर बाबा सोबत आहेत. रुख्माबाईंना बरणीचं अजून सांगायचं आहे.

पुन्हा ता. क. दिल्लीहून परत मात्र बाबा एकटेच येतील. तेवढं अंतर मी कितीदा काढलं. दरवेळी व्हँकूवरपेक्षा लांब भरतं. तुम्ही सोबत याल का? मी बोलावलं म्हणू नका, गुडघा दाखवायला चाललोय म्हणा. (हे खोटं ठरणार नाही. दिल्लीच्या डॉक्टरकडे मी तुमचं नाव कालच लावलं आहे.)