कोर्टाच्या दिवशीचा चहा

अण्णा,

उद्या अकरा वाजता धाकट्याची सुनावणी आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो सातवीत होता. आता त्याला दोन मुली आहेत, आणि तीन आठवड्यांपासून तो जालन्याबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात बंद आहे. नशेच्या गोळ्या. त्याच्या बायकोने अर्ज केला, न्यायाधीशांनी तपासणीचा हुकूम दिला, पोलीस घेऊन गेले, आणि तपासणी झाल्यावर केंद्राने त्याला ठेवूनच घेतलं. तुमच्या वेळचा कायदा आता राहिला नाही. आत ठेवलेला माणूस सरकारच्या मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागू शकतो, तिथेच उद्याची सुनावणी, फुकट वकील मागू शकतो, आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव स्वतः लिहून देऊ शकतो. त्याने माझं नाव दिलं. माझंच का, असं मी भेटीत विचारलं. जाळीपलीकडून म्हणाला, "ताई, तू आईसारखी न्हाईस. तू चहात काही कालवणार न्हाईस."

तुम्हाला कोर्टात नेलं तेव्हा मी अकरावीत होते. हसनाबादच्या घरातलं ते स्वयंपाकघर, स्टोव्हचा आवाज, आई पाटावर बसून लाटण्याखाली एक पांढरी गोळी ठेचते आहे. तुम्ही दवाखान्यात कंपाउंडर. पेशंटसाठी आलेलं दुखण्याचं इंजेक्शन तुम्ही आधी अर्धं, मग पूर्ण स्वतःला टोचून घेऊ लागला होतात. तुम्हाला मनोरुग्णालयात ठेवावं म्हणून आईने कोर्टात अर्ज केला होता, दोन डॉक्टरांचे दाखले जोडले होते. त्यातल्याच एकाने ती गोळी दिली होती. म्हणाला, गाडीत त्रास देणार नाहीत. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओसरीवर बसला होतात. चहा प्यालात. तासाभराने कोर्टात तुम्हाला दोघांनी धरून उभं केलं. न्यायाधीशांनी वार विचारला. बुधवार होता, तुम्ही रविवार सांगितलात. गावाचं नाव तोंडातच राहिलं. एक वाक्य मात्र स्पष्ट आलं, "सायेब, मला हुकमाची नक्कल पायजे." कारकून म्हणाला, "कंपाउंडर, आधी बराबर उभा तर ऱ्हाय, मंग नक्कल माग." लोक हसले. मीही हसले असेन. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून काहीच टोचून घेतलं नव्हतं, हे मला माहीत होतं. कोर्टाने जी नशा पाहिली ती आमची होती.

तुम्ही पाच महिन्यांनी बरे होऊन आलात. पुन्हा सुईला हात लावला नाही. या गोष्टीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पहिल्या संध्याकाळी आईने चहा आणला. तुम्ही कप नाकाशी नेलात, खाली ठेवलात. "त्या दिवशी साखर जास्त झाल्ती," तुम्ही म्हणालात. "कडू गोळीला लोक असंच करतेत. मी कंपाउंडर हाय." आणि तुमचा कप तिच्यापुढे सरकवून तिचा उचललात. आई म्हणाली, "आणा इकडं. मी पेते तुमचा. मेले तर तुम्हीच जाळा." तेव्हापासून सहा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, रोज दोन वेळा कपांची अदलाबदल. पाहुण्यांना ते प्रेम वाटायचं. धाकट्याने ते बघतच शाळेची पुस्तकं वाचली. मी घरी असले की तुम्ही म्हणायचात, पोरीला टाकू दे चहा. माझ्या हातचा कप तुम्ही कधी हुंगला नाही.

आज दुपारी मी शिकवते त्या शाळेत केंद्राच्या व्यवस्थापकाचा फोन आला. "मॅडम, तुमचा भाऊ लई कायदा बोलून राह्यलाय. उद्या सकाळी एक गोळी जास्त देतो, मंडळापुढं गप बसंल. सही तुमची चालती, म्हणून विचारलं." सांगते, मी म्हणाले. बदनापूरच्या शाळेतल्या शिक्षकखोलीत मी तासभर बसून राहिले. हे व्यवस्थापकाला सुचलं, की धाकट्याच्या बायकोने सुचवलं? आणि धाकटा? तो इतकं चांगलं बोलतो आहे ते सुटायला की थेट गोळ्यांच्या दुकानात जायला? शुद्धीवर असला तर तो जिंकेल. दिवाळीआधी न्हाणीची कडी तोडून बायकोने त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. पेंगत राहिला तर निदान आत राहील, जिवंत राहील. तुम्ही राहिलात. माझ्या हिशेबात हे पुन्हा पुन्हा येतं आणि मला त्याचा भरवसा वाटत नाही.

शेवटी फोन केला. म्हटलं, एकही गोळी जास्त नको. मी नऊलाच येऊन त्याच्याजवळ बसते. आणि आजवर काय काय दिलं त्या नोंदीची नक्कल काढून ठेवा. तो म्हणाला, "तुमचा इश्वास न्हाई का आमच्यावर?"

"न्हाई," मी म्हटलं.

"अन् सुटून काही झालं त्याला, मंग?"

मी फोन ठेवला.

उद्या मंडळापुढे जायच्या आधी मला त्याला एक सांगायचं आहे. ऐकून त्याला माझं नाव खोडायचं असेल तर खोडू दे, तो त्याचा हक्क आहे. आधी इथे लिहून बघते आहे. हा कागद वहीतच राहील. त्या दिवशी आईने गोळी ठेचली, पण पूड तिच्या हातून जमिनीवर सांडली. "मला न्हाई होत," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पूड मी गोळा केली. साखर तीन चमचे टाकली, ढवळलं, कप तुमच्या हातात दिला. सहा वर्षं तुम्ही कप बदललेत आणि तिने एकदाही माझं नाव घेतलं नाही. पहिला घोट घेऊन तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "लई गोड झालाय गं," म्हणालात.

मी म्हणाले, "आईनं केलाय."