उथळसरचे घर रतनचे

मी, रखमाबाई कोम महिपत राऊत, वय साठीच्या पलीकडे, राहणार ठाणे, उथळसर, शुद्धीवर असून राजीखुशीने हे मृत्युपत्र करते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. म्हातारीला भुलवून लिहून घेतले असे माझे दीर गुणाजी म्हणतील. म्हणून दोन भली माणसे साक्षीला बसवली आहेत. मला लिहिता येत नाही, म्हणून सहीऐवजी खाली बांगडीची निशाणी केली आहे. शब्द माझे, हात श्रीपादपंतांचा.

कलम पहिले. पती महिपत यांच्या पश्चात राहिलेली शेतजमीन भावकीची आहे. ती कायद्याप्रमाणे गुणाजींकडे जावी.

कलम दुसरे. राहते घर, परसातील विहीर व फणसासह, मी तुरुंगात बायकांच्या बराकीवर पहारा करून मिळवलेल्या पगारातून घेतले. त्यावर राऊतांपैकी कोणाचा हक्क नाही. ते माझी मुलगी रतन, कोम राघो, राहणार कल्याण, हिला देते.

रतन माझ्या पोटची नव्हे. दरोड्यात शिक्षा झालेल्या एका बाईला ती त्याच बराकीत झाली. पोर चालती-बोलती झाली आणि आई तापाने गेली. घ्यायला कोणी आले नाही, तेव्हा तुरुंगाच्या साहेबांची परवानगी काढून मी तिला घरी आणले. थोड्याच दिवसांत घरात कुबट वास सुटला. वळचणीला, उशाखाली, पाट्यामागे भाकरीचे तुकडे निघाले. गुणाजी म्हणाले, "वहिनी, बीज तसा अंकुर. आज भाकरी, उद्या तुमची नथ."

मी म्हटले, "बराकीत जो घास लपवला नाही तो दुसरीच्या पोटात जातो. तुम्ही पाहिलेत? मी रोज पाहते."

पोरीवर हात उचलला नाही. भाकरीची टोपली शिंक्यावरून उतरवून तिच्या हाताशी उघडी ठेवली. रिकामी झाली की भरली. पावसाळा सरेतो वास गेला. पुढे दारी कोणी मागायला आले, तर तीच आधी उठे.

ती उपवर झाल्यावर कल्याणहून राघोची आई मालनबाई तिला पाहायला आली. गुणाजींनी तिला ओसरीवरच गाठून पोरीच्या जन्माची कथा ऐकवली. मालनबाईने आत येऊन विचारले, "खरं का गं, पोरी?"

 रतन मान वर करून म्हणाली, "खरं. जन्म दिला ती दरोड्यातली होती. मी वाढले या आईच्या हाताखाली, म्हणून हिच्यासारखी झाले. तुमच्याकडे आले तर तुमच्यासारखी होईन. तेव्हा तुम्ही कशा आहात, ते आधी सांगा."

 मालनबाई पदर तोंडाला लावून हसली. "भांडखोर आहे बाई मी. पण माझ्या घरात कोणी उपाशी निजत नाही."

सुपारी त्याच दिवशी फुटली.

श्रीपादपंत विचारतात, हे कागदात कशाला? लिहा, पंत. गुणाजी कोर्टात गेलेच, तर तिथे हे मोठ्याने वाचले जाऊ दे.

कलम तिसरे. गुणाजींचा मुलगा विठ्ठल. रक्त म्हणाल तर अस्सल राऊतांचे. लहानपणी याने गड्याचे डोके दगडाने फोडले, तेव्हा गुणाजी "वाघ आहे वाघ!" म्हणून हसले. आता तो ताडी पिऊन बापावर हात टाकतो. यात मी रक्ताला दोष देत नाही. त्या हसण्याला देते. विठ्ठलला काही नाही. त्याची मुलगी मधु अजून लहान आहे. माझी पुतळ्यांची माळ तिला. बापाच्या माराला भिऊन ती रतनकडे गेली, तर तिला कोणी ओढून नेऊ नये. रतनने दार उघडावे.

कलम चौथे. भावकी माझ्या मयतीला येणार नाही असे सांगून गेली आहे. न येवो. मडके रतनने धरावे, अग्नीही तिनेच द्यावा. भटजी नाही म्हणाले, तर मंत्रांवाचून जळेन. लाकडे तेवढी सुकी असावीत.

वर कलम दुसऱ्यात "मुलगी" या शब्दाआधी पंतांनी "पाळलेली" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. ही खाडाखोड मला कबूल आहे.

निशाणी बांगडी: रखमाबाई कोम महिपत राऊत

साक्ष: विश्राम बाळाजी मोकाशी, ठाणे
साक्ष: हरिहर गोविंद भिडे, ठाणे
दस्तुर: श्रीपाद नारायण केळकर

मुक्काम ठाणे, मार्गशीर्ष, शके १८०९